वेदनाशामके आणि वय

वेदनाशामक औषधाचे शोषण, शरीरभर वितरण, यकृतातील चयापचय आणि मूत्रावाटे उत्सर्जन या चारही टप्प्यांवर वयाचा परिणाम होतो. मात्र तो वयाबरोबर एकाच दिशेने वाढत जात नाही. नवजात अर्भकाच्या यकृतात औषधाला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते बाहेर टाकण्याजोगे करणारी विकरे (एन्झाइम) अपुरी असतात. पॅरासिटामॉलला सल्फेट जोडण्याचा दुसरा मार्ग मोकळा असल्याने त्याचे बऱ्यापैकी निभावते, पण मॉर्फिन या अफूपासूनच्या वेदनाशामकाचा निचरा मुख्यतः पहिल्याच मार्गाने होत असल्यामुळे ते रक्तात रेंगाळते. पुढे दोन ते सहा वर्षांच्या मुलांत चित्र उलटते : वजनाच्या मानाने यकृत मोठे असल्याने कित्येक औषधे दर किलोमागे प्रौढांपेक्षा लवकर निकामी होतात. त्यामुळे मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी मोडून मुलाला देणे अशास्त्रीय ठरते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम अशी काढतात.

कोडीन या वेदनाशामकाचे यकृतात मॉर्फिन होते आणि तो वेग आनुवंशिकतेनुसार बदलतो. हे रूपांतर अतिवेगाने होणाऱ्या काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरवले. भारतात निमेसुलाइड या वेदनाशामकावर याच वयोगटासाठी २०११ पासून बंदी आहे. त्या औषधाबाबत चिंता यकृताच्या इजेची होती.

उतारवयात यकृताचे आकारमान व रक्तपुरवठा घटतो, शरीरातील पाणी कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते. पण खरी गोम मूत्रपिंडात असते. त्यांची गाळणक्षमता मंदावली तरी रक्तातील क्रिअॅटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, ‘नॉर्मल’ दिसू शकते, कारण ते स्नायूंतून तयार होते आणि स्नायूही झडलेले असतात. वय, वजन व क्रिअॅटिनिन यांवरून गाळणक्षमतेचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानुसार ५० किलो वजनाच्या, क्रिअॅटिनिन १ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेल्या तीस वर्षांच्या स्त्रीत त्याचा निचरा मिनिटाला सुमारे ६५ मिलिलिटर येतो, तर ऐंशी वर्षांच्या स्त्रीत, बाकी आकडे तेच असूनही, अवघा ३५. मॉर्फिनपासून बनणारा सक्रिय घटक अशा मूत्रपिंडांत साचतो आणि गुंगी वाढते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवणारी प्रोस्टाग्लँडिने ही शरीरातील रसायने रोखतात. सोबत रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. जठरातून रक्तस्राव होण्याचा धोकाही वयाबरोबर वाढतो. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणूनच वृद्धांत विशेष घातक ठरतात.

निचऱ्यावरून मात्र सारे काही उलगडत नाही. वृद्ध मेंदू मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारख्या अफूवर्गीय औषधांना अधिक संवेदनशील असतो. फेंटॅनिलची रक्तातील पातळी तरुणाइतकीच असली तरी त्याचा मेंदूवरील परिणाम वृद्धात अधिक दिसतो, आणि त्यामुळे भूलतज्ज्ञ सुरुवातीची मात्राच कमी ठेवतात.