तीन राउंड कमी, एक रात्र जास्त

जुन्या काळातले बॉक्सर श्रेष्ठ की आताचे, हा वाद निघाला की गाडी लगेच आहार, जिम आणि शरीरयष्टीवर येते. त्यात तथ्य आहेच. वजने उचलली की हात जड होतात, असे जुने प्रशिक्षक छातीठोकपणे सांगत. १९८५ मध्ये लास वेगासला हेवीवेट या सर्वांत जड वजनगटाहून हलक्या, लाइट हेवीवेट गटातल्या एका विजेत्याने आहार आणि ताकदीच्या व्यायामाचा जाणकार हाताशी धरला, स्वतःचे वजन २०० पौंडांपर्यंत नेले आणि ४८ पैकी ४८ लढती जिंकलेल्या हेवीवेट विजेत्याला गुणांवर हरवले. जुनी समजूत तिथेच मोडीत निघाली. पण आजच्या बॉक्सरला मिळालेला सर्वांत मोठा फायदा जिममधला नाही, नियमांतला आहे. लढत तीन राउंडांनी आखूड झाली आणि लढतीआधीचे अधिकृत वजन करून झाल्यावर सावरायला एक रात्र मिळाली. या दोन बदलांचा हिशेब न मांडता जुन्या-नव्यांची तुलना करणे हा जुन्यांवर अन्याय आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. हातमोजे, तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिटाची विश्रांती हे नियम १८६७ मध्ये लंडनला छापले गेले. तरी १८८९ मध्ये मिसिसिपीत हेवीवेटची शेवटची मोठी उघड्या मुठींची लढत ७५ राउंड चालली. पुढे राउंडांची संख्या खाली येत गेली आणि जागतिक विजेतेपदासाठी १५ राउंड ही रीत पडली. कित्येक दशके तिला कोणी हात लावला नाही.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासला लाइटवेटची विजेतेपदाची लढत झाली. आव्हानवीर दक्षिण कोरियाचा होता आणि १३५ पौंडांत बसण्यासाठी त्याला बरीच धडपड करावी लागली होती. चौदावा राउंड सुरू होऊन १९ सेकंद झाली असताना रेफरीने लढत थांबवली. काही मिनिटांत तो कोसळला. मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया झाली, पण काही दिवसांतच तो गेला. ही झुंज अमेरिकेत घरोघरी टीव्हीवर दिसली होती. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईने आणि त्या लढतीच्या रेफरीनेही आपले जीवन संपवले.

महिनाभरातच जागतिक विजेतेपदे देणाऱ्या संघटनांपैकी एकीने आपल्या लढती १२ राउंडांच्या केल्या. बाकीच्यांनी १९८८ पर्यंत तोच रस्ता धरला. निर्णयामागचे कारण असे दिले गेले की, बाराव्या राउंडनंतर शरीर थकते, हात खाली येतात आणि मेंदूला बसणारे ठोसे वाढतात.

या निर्णयावर आजही एकमत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज एकाच जबर ठोशाचा होता, आणि असा ठोसा दुसऱ्या राउंडमध्येही बसू शकतो. १२ राउंडांच्या लढतींतही त्यानंतर बॉक्सर मरण पावले आहेत. संशय वाढवणारी गोष्ट टीव्हीची. १५ राउंड आणि मधल्या १४ विश्रांती धरल्या तर ५९ मिनिटे होतात, १२ राउंडांची लढत ४७ मिनिटांत आटोपते. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमात प्रास्ताविक, जाहिराती आणि निकाल सगळे बसते. केवळ त्यासाठी निर्णय झाला असे म्हणणे टोकाचे ठरेल. पण टीव्हीची सोय आणि खेळाडूची सुरक्षा एकाच दिशेला होती म्हणूनच तो इतक्या झटपट झाला, असे मला वाटते.

खेळाच्या दृष्टीने काय गेले, ते जजांच्या जुन्या गुणपत्रिका पाहिल्यावर कळते. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला लाइट हेवीवेटमधून आलेला आव्हानवीर बारा राउंडांनंतर दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, तिसरीवर बरोबरी होती. तेराव्यात तो बाद झाला. १९५२ मध्ये फिलाडेल्फियाला हेवीवेट विजेता तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे असताना तेराव्या राउंडमधल्या एका उजव्या ठोशाने विजेतेपद गमावून बसला. १९८१ मध्ये वेल्टरवेटच्या एकत्रित विजेतेपदाची लढत चौदाव्यात फिरली, तीही तिन्ही जजांकडे मागे असलेल्याच्या बाजूने. आजच्या नियमांनी हे तिन्ही निकाल उलटे लागले असते.

आणि १९५२ चीच न्यूयॉर्कची जून महिन्यातली रात्र. रिंगजवळ १०४ अंश फॅरनहाइट उष्णता होती. मिडलवेटचा विजेता स्वतःहून १५ पौंडांनी जड असलेल्या लाइट हेवीवेट विजेत्याशी लढत होता आणि स्पष्टपणे पुढे होता. दहाव्या राउंडनंतर आधी रेफरीच उन्मळला, त्याच्या जागी दुसरा आणावा लागला. तेराव्यात या मिडलवेट विजेत्याचा एक ठोसा हवेत गेला आणि त्या झोकात तो स्वतःच तोंडघशी पडला. चौदाव्याची घंटा झाली तेव्हा त्याला स्टुलावरून उठता आले नाही. दोनशेच्या आसपास लढती खेळलेला हा बॉक्सर कारकिर्दीत वेळेआधी हरला तो एवढ्याच लढतीत. बाराव्यालाच घंटा झाली असती तर तिसऱ्या वजनगटाचे विजेतेपद त्याचे होते.

शेवटचे तीन राउंड किती मोलाचे आहेत, हे खेळाडूंनी लगेच ओळखले. १९८७ च्या गाजलेल्या मिडलवेट लढतीत तीन वर्षे रिंगबाहेर राहिलेल्या आव्हानवीराने १२ राउंड, मोठी रिंग आणि १० औंसांचे हातमोजे मागून घेतले. विजेत्याने जास्त पैशांच्या बदल्यात ते दिले, दोन विरुद्ध एक अशा निकालाने हरला आणि पुन्हा कधी लढला नाही.

दुसरा बदल वजनाचा. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होई, त्यामुळे पाणी तोडून उतरवलेले वजन रात्रीपर्यंत पूर्ण भरून निघत नसे. कोरड्या शरीराने ठोसे खाणे धोक्याचे म्हणून १९८० च्या दशकात वजन आदल्या दिवशी होऊ लागले. हेतू चांगलाच होता. पण बॉक्सर त्या एका रात्रीच्या भरवशावर आणखी खालच्या गटात उतरू लागले. फेब्रुवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला १४१ पौंडांच्या मर्यादेत वजन दिलेला एक बॉक्सर दुसऱ्या रात्री १६० पौंडांचा होऊन रिंगमध्ये आला. प्रतिस्पर्धी १४५ च्या आसपास होता. दुसऱ्याच राउंडमध्ये तो बाद झाला, मेंदूला इजा झाली आणि कारकीर्द तिथेच संपली. एका संघटनेने लढतीच्या सकाळी पुन्हा वजन करून १० पौंडांहून जास्त वाढीला मनाई केली. तसा नियम सगळीकडे मात्र नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये वजन आजही लढतीच्या सकाळीच होते. कुस्तीनेही २०१८ पासून हेच स्वीकारले. त्याची झळ आपण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमच्या फरकाने अनुभवली.

वैद्यकीय तपासणीचा फायदा मात्र निर्विवाद आहे. १९२० च्या दशकातला एक मिडलवेट विजेता एका डोळ्याने आंधळा असूनही ते लपवून लढत राहिला. आज परवान्यासाठी डोळे तपासले जातात, अनेक ठिकाणी मेंदूचे स्कॅनही मागतात.

राउंडांचा वाद आता महिलांच्या बॉक्सिंगमध्ये नव्याने उभा आहे. त्यांच्या विजेतेपदाच्या लढती १० राउंडांच्या, आणि प्रत्येक राउंड दोनच मिनिटांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑर्लँडोला फेदरवेट विजेतेपदाची लढत तीन मिनिटांच्या १२ राउंडांची झाली. १९८२ मध्ये १२ राउंडांची सुरुवात करणाऱ्या संघटनेने वैद्यकीय कारणे पुढे करत महिलांना ती मुभा नाकारली, आणि त्या लढतीतल्या विजेतीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा परत केला.