‘शिकवलेलं ९० टक्के लक्षात राहतं’: हा आकडा आला कुठून?

वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, आणि दुसऱ्याला शिकवलेलं तब्बल ९० टक्के! असे टक्के थराथरांत दाखवणारा हा त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतोय. आकडे इतके गोल कसे, एवढी शंका आली असती तरी पुरे होतं.

‘अनुभवांचा शंकू’ ही या त्रिकोणामागची मूळ आकृती अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली मांडली. शिकवण्याचं कोणतं साधन किती मूर्त, किती अमूर्त, एवढंच ती दाखवते. तिच्यात टक्के नाहीतच. ते नंतर इतरांनी चिकटवले.

त्याहून मोठा घोळ म्हणजे, लक्षात राहिलं की समजलंच, असं हा त्रिकोण वाचणारे धरून चालतात. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग पाहा. झिप किंवा कुलूप कसं चालतं हे तुम्हाला किती समजतं, असं विचारल्यावर लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग तेच टप्प्याटप्प्याने लिहून काढायला लावलं, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःलाच पुन्हा दिलेले गुण घसरले. गंमत अशी, की देशांच्या राजधान्या किंवा सिनेमांची कथानकं विचारली तेव्हा एवढी घसरण झाली नाही. नाव आठवतं की नाही, हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं. फसगत होते ती ‘का’ आणि ‘कसं’पाशी.

शिकवण्याचा फायदा होतो, हे खरंच; समजावताना अडखळलं की नेमकं काय कळलेलं नाही ते उघडं पडतं. पण त्या फायद्याला ९० हा आकडा लावायला कसलाही आधार नाही.