साधा डब्ल्यूपीसी की कॅप्ड? सार्वजनिक गच्चीवरचं डेकिंग निवडताना

दुकानात डेकिंगच्या, म्हणजे गच्चीवर अंथरायच्या फळ्यांचे, दोन तुकडे शेजारी ठेवले की बहुतेकांना फरक कळत नाही. दोन्ही सागवानी रंगाचे, दोन्हींवर लाकडासारख्या रेषा, रुंदी साधारण १४० मिमी आणि जाडी २३ ते २५ मिमी. भावात मात्र चांगलीच तफावत असते. अशा वेळी पृष्ठभाग कुरवाळत बसू नका, कापलेली कड बघा. कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे भुशाचा एकसारखा पोत दिसला तर तो साधा डब्ल्यूपीसी (वुड-प्लास्टिक कंपोझिट, म्हणजे भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला माल). बाहेरून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, वेगळ्या प्लास्टिकची किनार दिसली तर तो कॅप्ड, म्हणजे कवच असलेला. बाजारात त्यालाच को-एक्स्ट्रूजनचा माल म्हणतात, कारण गाभा आणि कवच साच्यातून एकत्रच काढतात.

आतला गाभा दोन्हींचा जवळपास एकच. लाकडाचा किंवा बांबूचा भुसा, एचडीपीई प्लास्टिक, रंग आणि थोडी रसायनं. अमेरिकेत १९९० च्या दशकात हा माल रुळला. मोबिल कंपनीच्या एका विभागातून १९९६ मध्ये ट्रेक्स ही कंपनी उभी राहिली आणि मग इतरांनीही वाट धरली. ते बोर्ड सगळे उघडे, कवच नसलेले होते. प्लास्टिक असल्यामुळे कुजणार नाही, असा लोकांचा समज. पण पृष्ठभागावरच्या भुशाच्या कणांना प्लास्टिक पूर्ण झाकत नाही. ते कण पाणी पितात, त्यांवर काळी बुरशी धरते, रंगही उडतो. त्याच तक्रारींवरचा उपाय म्हणून पुढे कवच आलं.

आपल्याकडे चार महिने पाऊस झेलणाऱ्या मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीच्या गच्चीवर हा फरक पहिल्याच पावसाळ्यानंतर दिसू लागतो. त्यात गच्ची सार्वजनिक असली, म्हणजे कॅफेची, रुग्णालयाची किंवा सोसायटीच्या क्लबहाउसची, तर चहा सांडणार, भज्यांचं तेल गळणार. साध्या बोर्डात तेल मुरतं आणि डाग राहून जातो. कॅप्ड बोर्डावरचा डाग वेळीच पुसला तर बहुधा निघतो.

मग कॅप्डच घ्यावा, विषय संपला? नाही. सेल्समन सहसा सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे कवचावर खोल ओरखडा पडला की तो दुरुस्त होत नाही. लोखंडी खुर्च्या रोज ओढल्या जातात, कार्यक्रमाला स्पीकरची पेटी सरकवली जाते. साधा बोर्ड तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा सारखा करता येतो, कारण आत-बाहेर तो एकच आहे. कॅप्ड घासला तर कवचच जातं. दुसरं म्हणजे घसरणं. ओलं कवच गुळगुळीत असू शकतं. ओल्या पृष्ठभागाची पेंड्युलम चाचणी मागा; तीत झुलता लंबक पृष्ठभागावर घासून पकड मोजतात. आकडा ३६ किंवा त्याहून जास्त हवा. ब्रोशरमध्ये नुसतं ‘अँटी-स्किड’ छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

माझं मत सरळ आहे. उघड्यावर, कोकणपट्टीच्या पावसात चारही बाजूंनी कवच असलेला भरीव बोर्ड घ्या. तीन बाजूंचं कवच असलेला माल खालून ओल शोषतो, आणि गच्चीवर ओल खालूनच जास्त येते. सोलापूरसारख्या कोरड्या गावात, पर्गोल्याखालच्या (पट्ट्यांच्या मांडवाखालच्या) वाचनालयाच्या गच्चीवर मात्र साधा भरीव बोर्ड पुरेसा आहे. तिथे रंग फिका निवडा. मे महिन्यात गडद बोर्डावर अनवाणी पाय ठेवणं कठीण. पोकळ बोर्ड सार्वजनिक जागी मी दोन्हींतला कुठलाच घेणार नाही. टोकाची टोपी निघाली की आत पाणी साचतं आणि डासांची सोय होते.

कवचाच्या भरवशावर बसवणाऱ्याने मात्र निष्काळजी होऊ नये. प्रत्येक कापलेलं टोक आणि प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे उघडा गाभाच. टोकं कंपनीने सांगितल्याप्रमाणे बंद करा, आणि वरून स्क्रू मारण्याऐवजी बाजूच्या खाचेत बसणाऱ्या क्लिप वापरा. दोन्ही प्रकार उन्हाने वाढतात, हेही विसरलं जातं. ३.६ मीटरचा बोर्ड पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारच्या ६० अंशांपर्यंत तापला तर लांबीत ६ मिमीच्या आसपास वाढतो. भिंतीला आणि टोकाला टोक टेकवून बसवलेलं डेक मेमध्ये फुगून उचललं जातं.

खरा घोळ होतो तो बोर्डाखाली. लोखंडी फ्रेम गच्चीवर पक्की करायची म्हणून कोब्यात ड्रिल मारून गिट्ट्या ठोकतात, आणि वॉटरप्रूफिंग फाटतं. मग खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि भांडण सुरू होतं. फ्रेम उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पेडेस्टलवर (नुसत्या टेकवायच्या पायांवर) ठेवा, सेक्शन ॲल्युमिनियमचे घ्या, आणि सार्वजनिक वापरासाठी त्यांतलं अंतर ३०० मिमी ठेवा. काम सुरू करण्याआधी गच्चीत पाणी भरून वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. सैल ठेवलेलं डेक वाऱ्याने उचललं जाऊ शकतं. इमारतींवरचे भार ठरवणारं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. कडेचे बोर्ड आणि पॅरापेटजवळची (कठड्याजवळची) फ्रेम कशी धरून ठेवायची, हे इंजिनिअरकडून काढून घ्या.

त्याच इंजिनिअरला स्लॅबही दाखवा. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या साध्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, तर पक्क्या खुर्च्या नसलेल्या, गर्दी जमणाऱ्या जागेसाठी ५. कपडे वाळत घालायची गच्ची कार्यक्रमाची गच्ची झाली की हा फरक स्लॅबला सोसावा लागतो, वर बोर्ड कुठलाही असो.

आगीच्या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच: दोन्ही जळतात. कवच म्हणजे अग्निरोधक थर नव्हे. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर गच्चीवर जळणारा माल किती ठेवतो याचा विचार टाळता येत नाही. इंग्लंडने २०१८ च्या अखेरीस १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाल्कन्यांत ज्वलनशील साहित्यावर बंदी आणली आणि तिथे ॲल्युमिनियमच्या डेकिंगकडे लोक वळले. जिन्याकडे जाणारी वाट आणि स्वयंपाकाची जागा तरी मी फरशीचीच ठेवीन.

ऑर्डर देताना दोन गोष्टी लेखी घ्या. वॉरंटी व्यावसायिक वापराची किती, हे विचारा. मोठ्या अक्षरातले २५ वर्षांचे आकडे बहुधा घरगुती वापराचे असतात. आणि पावसाच्या पाइपच्या तोंडावरचे बोर्ड उचलून बाजूला ठेवता येतील असे मागा, म्हणजे जूनच्या आधी माळीदादा पालापाचोळा हाताने काढू शकेल.