टस्कीगीची हद्द : पार्श्वभूमी

टस्कीगी म्हटलं की मराठी वाचकाला कार्व्हर आठवतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य ठाणं म्हणून हे गाव समजून घ्यायचं तर मात्र मतदारयादीपासून सुरुवात करावी लागते. काउंटी 1832 ची, क्रीक या मूळनिवासी लोकांकडून करारानं घेतलेल्या जमिनीवर झालेली. गाव वसलं पुढच्या वर्षी.

1881 नंतर टस्कीगीची शिक्षणसंस्था आणि 1923 नंतर माजी सैनिकांचं रुग्णालय, यांमुळे इथं शिकलेला, पगारदार कृष्णवर्णीय वर्ग उभा राहिला. गोऱ्या जमीनदाराला किंवा मालकाला त्याची नोकरी घालवता येत नव्हती. मग अडवणूक मतदार नोंदणीच्या टेबलावर व्हायची. अर्जदाराला ओळखणारा मतदार साक्षीला आणा, आणि साक्षीदार गोराच हवा. कधी नोंदणी मंडळाचे सदस्य राजीनामे देत, म्हणजे अर्ज घ्यायलाच कोणी नाही. तरीही 1957 पर्यंत गावात सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदार झाले.

त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळानं 140 क्रमांकाचा कायदा करून गावाची हद्दच बदलली. चौरसाच्या जागी 28 बाजूंची वेडीवाकडी आकृती आली. 400 पैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, आणि हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, या आधारावर खालच्या दोन्ही न्यायालयांनी कृष्णवर्णीय नागरिकांचा दावा फेटाळला. राजकीय आखणीत न्यायालयानं पडू नये, हा 1946 चा निकालही आड येत होता. नोव्हेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं वाट काढली : इथं मताचं वजन घटवलेलं नाही, वर्ण पाहून मतच काढून घेतलं आहे, म्हणून वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई करणारी 15वी घटनादुरुस्ती लागू होते. एका न्यायमूर्तींनी कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या 14व्या दुरुस्तीचा आधार घेतला. त्यांच्या मते बाहेर काढलेला माणूस नव्या जागी इतरांच्या बरोबरीनं मत देतोच. खरा अन्याय वर्णावरून वेगळं काढण्याचा आहे. हे मत फारसं वाचलं जात नाही, पण तर्क म्हणून तेच जास्त नेमकं आहे. कायदा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक. त्यानं दावा चालवायला परत पाठवला. जुनी हद्द 1961 मध्ये खालच्या न्यायालयात परत मिळाली.

दरम्यान कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांतली खरेदी थांबवली होती आणि काही दुकानं बंद पडली. राज्यात बहिष्कार बेकायदा असल्यानं पुढारी ‘मित्रांकडेच खरेदी करा’ एवढंच सांगत.

1966 मध्ये काउंटीत कृष्णवर्णीय शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) निवडून आला, 1972 मध्ये गावाला कृष्णवर्णीय महापौर मिळाला. कोर्टासमोरच्या चौकाची जागा मात्र काउंटीनं 1906 मध्येच ‘गोऱ्यांसाठी उद्यान’ म्हणून एका खासगी संघटनेला देऊन टाकली होती. तिथल्या कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या) सैनिकाच्या पुतळ्याचा वाद या हस्तांतरणामुळेच इतका लांबला.