पाढे आठवतात, मग परीक्षेची उत्तरे का नाही?

अमेरिकेत मुलांकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांच्या नागरिकत्वाचा विषय निघाला की एक शंका हमखास येते. "आजींना पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे, मग परीक्षेची चार उत्तरे पाठ करायला काय हरकत? डॉक्टरचा दाखला कशाला?" ही शंका स्मृतिभ्रंश झालेल्या माणसावर अन्याय करते.

तिथल्या नागरिकत्वासाठी इंग्रजीची आणि अमेरिकेचा इतिहास व राज्यव्यवस्था यांची परीक्षा द्यावी लागते. शारीरिक किंवा मानसिक विकारामुळे ती देणे शक्यच नसेल, तर १९९४ पासून कायद्याने सूट आहे. विकार किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकण्याजोगा हवा, आणि डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने 'एन-६४८' हा फॉर्म भरून तसे प्रमाणित करावे लागते.

आता पाढ्यांचे कोडे. नवी माहिती आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये नोंदली जाते. तिथल्या चेतापेशींच्या जोडांवर एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे रासायनिक संदेश टिपणारे रेणू असतात. त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. अलीकडच्या पेशीतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आले आणि त्याच वेळी पलीकडची पेशीही उत्तेजित असली, तरच हे बूच निघते. मग कॅल्शियम आत शिरते, एएमपीए या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांची संख्या वाढते आणि तो जोड बळकट होतो. दोन घटना एकत्र घडल्याची खूण एका रेणूने ओळखावी, हे मला आजही विलक्षण वाटते! जोड असा दीर्घकाळ बळकट राहतो, हे ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सशांच्या हिप्पोकॅम्पसवरील प्रयोगांतून दाखवले. पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे ही नोंद मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात (कॉर्टेक्स) पक्की होत जाते.

अल्झायमर या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात टाऊ प्रथिनाच्या गाठी सहसा सुरुवातीलाच एन्टोऱ्हायनल बाह्यकात, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या दाराशीच होतात. त्यामुळे नवे शिकणे आधी बंद पडते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घोकलेले पाढे मात्र बाह्यकात मुरलेले असल्याने बराच काळ टिकतात. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा बराचसा व त्यालगतचा भाग १९५३ मध्ये शस्त्रक्रियेने काढला गेला. त्यानंतर त्याला बालपण आठवे, पण नुकतीच भेटलेली व्यक्ती लक्षात राहत नसे. मेलेल्या चेतापेशी कुठलेही 'ब्रेन टॉनिक' किंवा चूर्ण परत आणत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

म्हणूनच फॉर्मवर "वयोमानाने विसरतात" एवढेच लिहून भागत नाही, कारण नुसते वय हा विकार धरला जात नाही. वयाची सवलत वेगळी आहे: ५० वर्षे वय आणि २० वर्षे ग्रीन कार्ड, किंवा ५५ आणि १५, असे असेल तर इंग्रजी माफ होते आणि दुसरी परीक्षा दुभाष्यामार्फत मराठीतही देता येते. स्मृतिभ्रंशात दोन्ही माफ होऊ शकतात. त्यासाठी निदान काय, ते कोणत्या तपासणीतून झाले आणि त्यामुळे नवे शिकणे का शक्य नाही, हे डॉक्टरांनी साध्या भाषेत लिहायला हवे. जुने पाठांतर शाबूत असेल तर तेही तिथेच, कारणासह नोंदवावे.