खुल्या समुद्रातील मत्स्यसाठ्यांचे आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे, म्हणजे कोणत्याच देशाची हुकमत नसलेल्या समुद्रात, मासेमारीला आवर घालण्यासाठी देशांनी आपसांत केलेले करार, नेमलेले आयोग आणि उभारलेली देखरेख यांचा या विषयात समावेश होतो. जगातील समुद्राच्या पृष्ठभागापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग असा खुला आहे. तिथे जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या ध्वजाचा. ज्या देशात जहाजाची नोंदणी, त्याचेच नियम त्याला बांधतात; दुसऱ्या देशाच्या गस्तीनौकेला ते अडवण्याचा सहसा अधिकार नसतो. पुढच्या सगळ्या तंट्यांचे मूळ इथे आहे.

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा १९८२ मध्ये संमत झाला आणि १९९४ मध्ये अमलात आला. त्याने किनारी देशांना २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र दिले. पलीकडे मासेमारीची मुभा सर्वांना ठेवली, पण साठे टिकवण्यासाठी सहकार्य करण्याची अट घातली. हे सहकार्य करायचे कसे, हे मात्र बरेचसे मोघम राहिले. शिवाय मासा हद्द पाळत नाही. कुपा (ट्यूना) वर्षभरात अख्खा महासागर ओलांडतो, तर काही साठे हद्दीच्या रेषेवर दोन्ही अंगांना पसरलेले असतात.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ भागाची दोन टोके २०० मैलांच्या रेषेबाहेर डोकावतात. कॉडचा साठा कोसळल्याने कॅनडाने १९९२ मध्ये स्वतःच्या मच्छीमारांवर बंदी घातली, तरी रेषेपलीकडे परदेशी ट्रॉलर मासे ओढतच होते. १९९५ साठी वायव्य अटलांटिकच्या आयोगाने ग्रीनलंड हॅलिबट या माशाची एकूण मर्यादा २७,००० टन ठरवली आणि त्यातले ३,४०० टन युरोपीय संघाच्या वाट्याला आले. संघाने हरकत नोंदवली आणि स्वतःचा वाटा स्वतःच १८,६३० टन ठरवला. हरकत घेणाऱ्या सदस्याला मर्यादा बांधत नाही, अशी नियमांत सोय होती. ९ मार्च १९९५ रोजी कॅनडाच्या नौकांनी इशाऱ्याच्या फैरी झाडून ‘एस्ताई’ हा स्पॅनिश ट्रॉलर खुल्या समुद्रात पकडला. खलाशांनी कापून टाकलेले जाळे तळातून वर काढले, तेव्हा त्याचे आस (जाळ्याची भोके) परवानगीपेक्षा बारीक निघाले. कॅनडाच्या मत्स्यमंत्र्यांनी ते न्यूयॉर्कला नेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर नदीत बार्जवर टांगून दाखवले. कायद्याच्या कसोटीवर कॅनडाची बाजू लंगडी होती, पण त्या जाळ्यापुढे युक्तिवाद फिका पडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांचा मत्स्यसाठा करार संमत झाला (अंमल २००१ पासून). शास्त्रीय माहिती अपुरी असेल तर हात आखडता घ्यावा, हे त्याचे पहिले तत्त्व. जो देश संबंधित आयोगाचा सदस्य होईल किंवा त्याचे नियम पाळेल, त्यालाच तिथल्या साठ्यावर मासेमारी करता येईल, हे दुसरे. आणि सदस्य देशांचे निरीक्षक ठरावीक पद्धतीने एकमेकांच्या जहाजांवर चढून तपासणी करू शकतील, हे तिसरे. त्यात सामील न झालेल्यांना मात्र हा करार बांधत नाही.

प्रत्यक्ष कारभार प्रादेशिक आयोगांकडे असतो: अटलांटिकमधील कुप्यासाठी माद्रिदचा, हिंदी महासागरातील कुप्यासाठी सेशेल्सचा, अंटार्क्टिकसाठी होबार्टचा, असे. शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज देतात, सदस्य पकडीची मर्यादा ठरवतात आणि मग ती वाटून घेतात. भांडण वाटणीतच होते. दूरच्या देशांची पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांची) जहाजे जुन्या पकडीच्या आकड्यांवर वाटा मागतात. किनारी देश म्हणतात की साठा तुम्ही उपसला, कपात आमच्या छोट्या नौकांनी का सोसावी? हिंदी महासागरातील पिवळ्या पराच्या कुप्यावरच्या २०२१ च्या निर्बंधांना भारत, इंडोनेशिया, ओमान अशा देशांनी याच वादातून हरकत घेतली.

आयोग असला म्हणजे साठा वाचतो असे नाही. अटलांटिकच्या निळ्या पराच्या कुप्याबाबत माद्रिदच्या आयोगाने शास्त्रज्ञांचा सल्ला वर्षानुवर्षे बाजूला सारला. २०१० मध्ये या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी आणण्याचा मोनाकोचा प्रस्ताव दोहा येथील वन्यजीव-व्यापार परिषदेत फेटाळला गेला खरा, पण त्याची धास्ती कामी आली. त्या वर्षीची मर्यादा १३,५०० टनांवर आली, हंगाम आखडला, प्रत्येक पकडीला कागद लागू लागला. साठा सावरला आणि पूर्व अटलांटिक व भूमध्य समुद्रासाठी २०२३ ची मर्यादा ४०,५७० टन झाली.

बेरिंग समुद्रात असे घडले नाही. रशिया आणि अमेरिकेच्या हद्दींनी वेढलेल्या तिथल्या खुल्या तुकड्यात १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन पोलॉक (कॉडच्या कुळातला मासा) निघाला. तीन-चार वर्षांत साठा बसला. १९९४ मध्ये सहा देशांनी करार केला आणि साठा १६.७ लाख टनांवर गेल्याशिवाय जाळे टाकायचे नाही असे ठरवले. तिथे मासेमारी अजून सुरू झालेली नाही.

काही पाण्याला आयोगच नाही. अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर माकूल पकडणाऱ्या शेकडो जहाजांचे दिवे रात्री अंतराळातून एखाद्या शहरासारखे दिसतात; फॉकलंड बेटांच्या मालकीचा अर्जेंटिना-ब्रिटन वाद मिटत नाही, तोवर तिथे आयोग होणे अवघड.

समुद्रात पकडता न येणाऱ्याला बंदरात अडवावे, हा अलीकडचा मार्ग. संशयित जहाजाला माल उतरवू न देण्याचा बंदर-उपाय करार २०१६ मध्ये अमलात आला. मात्र खुल्या समुद्रातच पकड शीतजहाजावर (मासे गोठवून नेणाऱ्या मालवाहू जहाजावर) चढवली, की मासा कोणी धरला याचा माग पुसट होतो. बेकायदा मासेमारीला सरकारी अनुदान देण्यास मनाई करणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

मध्य आर्क्टिकमध्ये तर व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच दहा सदस्यांनी ती रोखून धरली. हा करार २०१८ चा, अंमल जून २०२१ पासून, मुदत १६ वर्षांची. त्यानंतर एकाही सदस्याने हरकत घेतली नाही, तर ती पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल.