१ जानेवारीची रेघ : सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाची पार्श्वभूमी

२०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळण्यासाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा असणे बंधनकारक होते. ३१ डिसेंबर १९९९ ला रात्री जन्मलेला मुलगा बाद आणि काही तासांनी जन्मलेला पात्र. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये होती, म्हणजे जानेवारी २००० मध्ये जन्मलेला खेळाडू मैदानात उतरला तेव्हा पावणेअठरा वर्षांचा होता. नावात ‘सतरा वर्षांखालील’ असले तरी नियम पाहतो ते जन्मसाल. या स्पर्धेच्या चाळीस वर्षांत जे मोठे बदल झाले त्यांतले बरेचसे याच एका रेघेवरून झाले, म्हणून तिचा इतिहास जन्मतारखेच्या बाजूने वाचावा असे आम्हाला वाटते.

सुरुवात सिंगापूरची. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९७७ मध्ये ‘लायन सिटी कप’ ही सोळा वर्षांखालील मुलांची स्पर्धा सुरू केली. १९८२ च्या स्पर्धेच्या वेळी फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस सेप ब्लाटर सिंगापुरात होते. या वयोगटाची जागतिक स्पर्धा असावी अशी शिफारस त्यांनी केली आणि १९८५ मध्ये चीनमध्ये १६ संघांची पहिली स्पर्धा झाली. बीजिंगमधल्या अंतिम सामन्यात नायजेरियाने पश्चिम जर्मनीला २-० असे हरवले. फिफाच्या जागतिक स्पर्धेत आफ्रिकी देशाला मिळालेले हे पहिले विजेतेपद. ते कमी लेखू नये, कारण वरिष्ठांच्या विश्वचषकात त्या काळी आफ्रिकेच्या वाट्याला दोनच जागा होत्या.

वयाचा प्रश्न मात्र लगेच उभा राहिला. १९८८ मध्ये मेक्सिकोने वीस वर्षांखालील स्पर्धेच्या पात्रता फेरीत जास्त वयाचे खेळाडू खेळवल्याचे उघड झाले. फिफाने त्या देशाच्या सगळ्याच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली आणि मेक्सिको १९९० च्या वरिष्ठ विश्वचषकालाही मुकला. पाठोपाठ नायजेरिया सापडला. १९८८ च्या ऑलिंपिकसाठी दिलेल्या यादीतल्या तीन खेळाडूंच्या जन्मतारखा त्याच खेळाडूंच्या आधीच्या स्पर्धांतल्या तारखांशी जुळत नव्हत्या. शिक्षा म्हणून कुमार स्पर्धांतून दोन वर्षे बाहेर, आणि १९९१ च्या वीस वर्षांखालील स्पर्धेचे यजमानपदही गेले. ते पोर्तुगालला मिळाले. दोन्ही प्रकरणांत लबाडी पकडली गेली ती कागदाला कागद लावून. जो देश पहिल्यापासून एकच खोटी तारीख सगळीकडे लिहील त्याला पकडण्याचे साधन तेव्हा कोणाकडेही नव्हते.

१९८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्पर्धेत ही अडचण ठळक झाली. हॅम्पडन पार्कवर पन्नास हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर यजमान संघ अंतिम सामन्यात २-० ने पुढे होता. सौदी अरेबियाने २-२ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये विजेतेपद घेतले. सौदी खेळाडूंच्या वयाबद्दल स्कॉटलंडमध्ये अजूनही बोलले जाते, पण काहीही सिद्ध झालेले नाही आणि विजेतेपद सौदी अरेबियाचेच आहे. चाचणी नसली की खरे खेळणाऱ्यालाही आयुष्यभर संशय चिकटतो. १९९१ पासून स्पर्धा सोळाऐवजी सतरा वर्षांखालील झाली.

चाचणी प्रत्यक्ष आली ती २००९ मध्ये, आणि यजमान होता नायजेरिया. मनगटाचे एमआरआय. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे जे हाड, त्याच्या मनगटाकडच्या टोकाला कूर्चेचा एक पातळ थर असतो. मूल वाढते तोवर हा थर उघडा असतो, वाढ संपत आली की तो हळूहळू हाडात मिसळतो. डॉक्टर चित्र पाहून सहापैकी एक श्रेणी देतात : पहिली म्हणजे थर पूर्ण उघडा, सहावी म्हणजे पूर्ण जुळलेला. फिफाच्या वैद्यकीय पथकाने वेगवेगळ्या देशांतल्या, वयाची खात्री असलेल्या मुलांची चित्रे आधी तपासली होती. त्यात दिसले की सतरा पूर्ण होण्याआधी सहावी श्रेणी गाठणारा मुलगा शंभरात एकही निघत नाही. म्हणून सहावी श्रेणी आली की खेळाडू अपात्र. एक्स-रेनेही हाड दिसते, पण निरोगी मुलांना केवळ स्पर्धेसाठी किरणोत्सर्ग देणे योग्य नव्हे, म्हणून एमआरआय निवडले गेले.

या चाचणीच्या मर्यादा प्रशिक्षकांनी आणि पालकांनी नीट समजून घ्यायला हव्यात. ती जन्मतारीख सांगत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पुष्कळ मुलांचा थर पूर्ण जुळलेला नसतो, त्यामुळे एका वर्षाची वयचोरी त्यातून सहज निसटते. पंचविशीचा खेळाडू मात्र निसटत नाही, आणि चाचणीचा खरा उपयोग तोच. उलट बाजूही आहे. ‘शंभरात एकही नाही’ हे प्रमाण सतरा पूर्ण होण्याआधीचे आहे. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असली तर जानेवारीत जन्मलेला खरा, प्रामाणिक खेळाडू सतरा ओलांडून बरेच महिने झालेला असतो आणि त्याचे हाड जुळलेले असण्याची शक्यता वाढते. म्हणून शहाणे संघ अंतिम यादी देण्याच्या कितीतरी आधी स्वतःच चित्रे काढून घेतात. जे उशीर करतात त्यांची घडी विस्कटते. २००९ मध्ये नायजेरियाला ऐन स्पर्धेच्या तोंडावर अनेक खेळाडू वगळावे लागले. तरीही तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. जानेवारी २०२३ मध्ये कॅमेरूनने पात्रता फेरीपूर्वी चाचणी घेतली तेव्हा ३० जणांच्या चमूतले २१ जण बाद झाले.

मुलींसाठी ही मोजपट्टी चालत नाही. मुलींची हाडे मुलांपेक्षा लवकर जुळतात, त्यामुळे मुलांवरून ठरवलेली श्रेणी त्यांना लावली तर खऱ्या वयाच्या मुली बाद होतील. मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाला आणि उत्तर कोरियाने तो जिंकला.

रेघेचा दुसरा अन्याय लबाडीतून आलेला नव्हता, तो वेळापत्रकातून आला होता. स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम साली. २०१५ ला १९९८ नंतरचे, २०१७ ला २००० नंतरचे, २०१९ ला २००२ नंतरचे. आता १९९९ किंवा २००१ मध्ये जन्मलेल्या मुलाचे पाहा. त्याला संधी मिळायची ती सोळाव्या वर्षी, एक वर्षाने मोठ्या मुलांशी झगडून. त्याचे स्वतःचे वर्ष येईपर्यंत दार बंद. या वयात एका वर्षाने उंची, वजन, वेग सगळेच बदलते, त्यामुळे विषम साली जन्मलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या राष्ट्रीय शिबिरांच्या यादीत मागे राहिल्या. त्यातले कौशल्यवान किती होते ते कोणी मोजले नाही, आणि याची खंत वाटायला हवी. करोनामुळे २०२१ ची स्पर्धा रद्द झाली तेव्हा २००४ बरोबर २००५ ची मुलेही हुकली, कारण २०२३ ची रेघ २००६ वर होती.

उपाय आला २०२५ मध्ये. स्पर्धा दरवर्षी आणि संघ ४८. (आधी १६ होते, २००७ पासून २४ झाले.) २०२५ ते २०२९ अशा पाचही मुलांच्या स्पर्धा कतारला आणि मुलींच्या मोरोक्कोला दिल्या आहेत. मुलींचे संघ १६ वरून २४ झाले. दोह्यातल्या पहिल्या स्पर्धेत १०४ सामने झाले आणि पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. रेघ २००८ वर होती, पुढच्या वर्षी ती २००९ वर सरकते. प्रत्येक जन्मसालाला आता स्वतःची स्पर्धा आहे. जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांमधला जवळपास वर्षाचा फरक तेवढा उरतोच. त्यावर उपाय स्पर्धेच्या नियमांत नाही, निवड करणाऱ्यांच्या नजरेत आहे : निवडचाचणीच्या दिवशी मुलाच्या नावासमोर जन्ममहिना लिहिलेला असावा.

यजमानपदाची कथाही सरळ नाही. १९९१ ची स्पर्धा इक्वेडोरमध्ये व्हायची होती, पण कॉलराच्या साथीमुळे ती इटलीला गेली आणि इक्वेडोरची पाळी १९९५ मध्ये आली. पेरूकडून यजमानपद दोनदा काढून घेतले गेले : २०१९ ची स्पर्धा ब्राझीलला गेली, २०२३ ची इंडोनेशियाला.

भारताला २०१७ चे यजमानपद मिळाले आणि फिफाच्या स्पर्धेत भारतीय संघ प्रथमच उतरला तो यजमान म्हणून. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने केलेला गोल हा भारताचा एकमेव गोल. तो ८२ व्या मिनिटाला झाला आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. नवख्या संघाची एकाग्रता गोलनंतरच्या त्या काही क्षणांत सुटते, आणि या पातळीवर तेवढेही पुरते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव या संघात होता. कोल्हापूरच्या पेठांमधले फुटबॉलवेड ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल सांगायला नको.

मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणने जर्मनीला ४-० असे हरवले आणि नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर स्पेनने मालीविरुद्धचा उपांत्य सामना ३-१ असा जिंकला. दुसरा उपांत्य सामना गुवाहाटीत होता. तिथे उपांत्यपूर्व सामना मुसळधार पावसात खेळला गेला आणि मैदानाची हिरवळ उखडली. भिजलेल्या मातीत मुळे सैल होतात, वरून बुटांचे खिळे पडले की हिरवळ ढेकळासकट निघते आणि ती पुन्हा धरायला चार दिवस पुरत नाहीत. इंग्लंड-ब्राझील सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवला गेला. अंतिम सामन्यात इंग्लंडने ०-२ असे मागे पडूनही स्पेनला ५-२ असे हरवले. एकूण १३ लाख ४७ हजार १३३ प्रेक्षक आले, या स्पर्धेच्या तोपर्यंतच्या इतिहासातला हा विक्रम.

त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी कार्यक्रम झाला. शाळांच्या मैदानांवर चेंडू पोहोचले, ते चांगलेच झाले. पण विश्वचषकात जाण्याचा रस्ता एका दिवसाचा नसतो. २०१८ मध्ये गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली सोळा वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तो सामना जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकात जागा पक्की होती. दक्षिण कोरियाकडून ०-१ असा पराभव झाला. २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत मुलींची स्पर्धा झाली, तीही ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित करून सुमारे दहा दिवसांनी निलंबन उठवल्यावर. भारतीय मुली तिन्ही सामने हरल्या आणि एकही गोल करू शकल्या नाहीत.

आपल्याकडे वयाचा वाद बहुधा जन्मदाखल्यावरच्या दुसऱ्या तारखेवरून होतो, नोंदणीच्या. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर, निवडचाचणीच्या आधी केलेली नोंद कायदेशीर असली तरी तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. दाखला, शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरमधली तारीख आणि आधार या तिन्ही ठिकाणी एकच तारीख आहे ना, आणि नावाचे स्पेलिंग जुळते ना, हे मूल आठ-नऊ वर्षांचे असतानाच पाहून घ्यावे. दुरुस्तीला महिने लागतात आणि संघाची यादी तेवढी थांबत नाही.